सायकली मागंच बांधा

आमचे धाकटे दीर सांडूभाऊजी रागावले की ओरडत नाहीत, जेवण कमी करतात. या दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ते एका भाकरीवर राहिले. त्यांची बायको केसरबाई माझ्याकडं येऊन रडायला लागली तेव्हा मी तिला म्हटलं, "रडू नको. त्यांना काही दुखणं नाही. ते वाट बघतायत."

कशाची, ते मला ठाऊक होतं.

भाऊजी चोपन्न वर्षांचे. लहानपणी फुलंब्रीकडच्या आमच्या गावातून कापसाची बैलगाडी भरून जिनिंगला न्यायचे. मग चिकलठाण्याच्या एका कंपनीची कामगारांची बस बावीस वर्षं चालवली. गाडीला एक ओरखडा नाही. गळ्यात माळ, शनिवारी भद्रा मारुतीला पायी, आणि लग्नातलं पानसुद्धा तंबाखूशिवाय. कंपनी बंद पडली तेव्हा प्रणयकडं लागले.

प्रणय हा तिशीचा मुलगा. वेरूळच्या रस्त्याला त्याचं आवार आहे. मोटारीमागं जोडून ओढायची चाकावरची घरं तो भाड्यानं देतो. आत पलंग, मागच्या बाजूला स्वयंपाकाचा छोटा ओटा, खाली दोनच चाकं. पुण्या-मुंबईची माणसं येतात, म्हैसमाळला नेऊन राहतात आणि सोबत आणलेल्या सायकली तिथं फिरवतात. घर ओढून न्यायचं काम भाऊजींचं, पाहुण्यांचा स्वयंपाक माझा. आम्ही दोघं हर्सूलहून एकाच गाडीवर जायचो.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचं एक कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन मुलं आणि चार सायकली. भाऊजींनी सायकली पुढच्या दांडीशी नेल्या. मोटारीला जोडतात ती दांडी.

"मागं टांगा, काका," प्रणय म्हणाला.

"सर, चार सायकली मागं टांगल्या तर गाडी उलार होईल. पुढं दांडीवर उभ्या बांधतो. हँडल वळवून, मधी पोतं घालून. वळणावर मोटारीला लागायच्या नाय."

"पुढं आपलं नाव रंगवलंय. सायकलींनी झाकलं तर फोटोत काय दिसणार?"

"नाव झाकलेलं बरं, सर. हे बघा, दांडी एका हातानं उचलती म्हणजे पुढं वजनच नाय. दोन्ही हातांनी कण्हत उचलली पाहिजे."

प्रणय पाहुण्यांकडं बघून हसला. "काका, ही बैलगाडी नाही. बाहेरच्या देशात सगळे मागंच टांगतात."

उलार म्हणजे काय ते शहरातल्या वाचणाऱ्यांसाठी सांगते. दोन चाकांच्या गाडीत मागं ओझं जास्त झालं की पुढचं टोक वर उचलायला बघतं. बैलगाडीत बैलांच्या मानेवरून जू उठतं. मोटारीमागच्या गाडीचं शेपूट हलायला लागतं, आणि एकदा हलायला लागलं की थांबत नाही. भाऊजींना हे दहाव्या वर्षापासून माहीत होतं.

जाताना चढ होता, निभावलं. तिसऱ्या दिवशी म्हैसमाळहून उतरताना शेपूट हलायला लागलं. दुसरा कुणी असता तर ब्रेक दाबून दरीत गेला असता. भाऊजींनी ब्रेकला पाय लावला नाही. रेसवरचा पाय काढून घेतला, स्टेअरिंग सरळ धरलं आणि गाडी गिअरवर आपोआप धीमी होऊ दिली. सायकली टांगायचा मागचा स्टँड मात्र तुटला. एक सायकल रस्त्यावर पडली आणि तिचा चुराडा झाला. माणसाला ओरखडा नाही.

आवारात परत आले तेव्हा प्रणय दारातच उभा होता. सायकलवाल्या साहेबांचा फोन आधीच येऊन गेलेला. मी स्वयंपाकाच्या शेडमधून बघत होते.

"काका, इकडं या. फुंक मारा."

भाऊजींना कळलंच नाही. "काय मारू?"

"फुंक. तोंडाचा वास बघू द्या."

चोपन्न वर्षांच्या माणसानं त्या दोन लेकरांसमोर तोंड पुढं करून फुंक मारली. प्रणयनं नाक मुरडलं, पाहुण्यांकडं वळला आणि म्हणाला, "सॉरी सर. ही माणसं अशीच असतात. ऐकतच नाहीत."

वास होता तो माझ्या लसणाच्या चटणीचा. डबा मीच दिला होता. मी पुढं होऊन तसं म्हटलंही. प्रणय म्हणाला, "मावशी, तुम्ही पोळ्या बघा."

दुसऱ्या दिवसापासून भाऊजींकडून किल्ली काढून घेतली आणि गाड्या धुवायला लावलं. गोष्ट चिकलठाण्याच्या ड्रायव्हर लोकांत पोचायला दोन दिवस पुरले. बद्रीनाथ म्हणून त्यांचा दोस्त. बावीस वर्षं दोघं एकाच डब्यात जेवलेले. त्यानं मोंढा नाक्यावर गाठून हळूच विचारलं, "सांडू, कधीपासून रे? मला तरी सांगायचं."

त्या दिवसापासून एक भाकरी.

मी म्हटलं, "भाऊजी, सोडा ती नोकरी."

"सोडली की पिलो व्हतो असंच पक्कं व्हईल, वहिनी. मी नाय जात. त्याच्या तोंडानं लोकांत वदवून घेईन, मगच जाईन. अन् बद्रीनाथ तिथं असंल."

"आणि नाही वदला तर?"

"वदंल. त्याला फोटोचा लई शौक हाय."

मी शनिवारी मारुतीपुढं उभी राहिले तेव्हा भाऊजींचा राग जाऊ दे, असं मागायला हवं होतं. मी मागितलं ते दुसरंच. खोटं कशाला लिहू?

संक्रांत झाली आणि प्रणयनं नवं घर आणलं. जुन्यापेक्षा लांब, हलकं, चकचकीत. रविवारी सकाळी शहरातल्या सायकल चालवणाऱ्या मंडळींना बोलावलं, चाळीसेक माणसं. त्यांना आणायला तीन गाड्या भाड्यानं ठरवायच्या होत्या. ठरवायचं काम भाऊजींकडं आलं आणि एका गाडीवर त्यांनी बद्रीनाथला बोलावलं.

त्या सकाळी भाऊजींनी माझ्याकडून तीन भाकऱ्या मागून घेतल्या. नव्या घरातलं गॅसचं सिलेंडर बाहेर काढून ठेवलं. मी विचारलं तर म्हणाले, "चहा तुम्ही भायेरच करा, वहिनी." मग मागच्या जमिनीवरचे दगड एकेक करून उचलले आणि तिथं पोती अंथरली.

मंडळी जमली. फोटोसाठी प्रणयनं आपल्या चार सायकली आणून ठेवल्या होत्या. भाऊजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर, सायकली पुढं बांधू का मागं?"

"मागं. किती वेळा सांगायचं?"

"चारही?"

"चारही, मागंच बांधा."

त्यांनी बांधल्या. इतक्या घट्ट की त्या सोडवायला नंतर कोयता लागला.

"सर, मागून टेकू लावू का?"

"नको. टेकू फोटोत कसला खेडवळ दिसतो. मोटार सोडवा आणि बाजूला घ्या. घर एकटं उभं दिसू दे."

"दांडी सोडू म्हणता?"

"सोडा हो, काका!" प्रणय लोकांकडं बघून डोळे फिरवत म्हणाला. दोघंतिघं हसले. मग त्यानं माझ्याकडून चहाच्या पेल्यांचा ट्रे घेतला आणि आत चढला. मागच्या ओट्याशी उभं राहून फोटो काढायचा होता.

"पोरांनो, बाजूला सरका," भाऊजी म्हणाले. घरामागं कुणी उरलं नाही हे त्यांनी दोनदा बघितलं. मग मोटारीमागच्या ज्या लोखंडी गोळ्यावर दांडी अडकवतात, त्यावरून ती सोडली.

प्रणयनं ओट्याकडं शेवटचं पाऊल टाकलं आणि दांडी अलगद आभाळाकडं निघाली. मागून धाडकन आवाज आला, चारही सायकली घराखाली दबल्या. प्रणय ट्रेसकट घसरत मागच्या भिंतीला जाऊन बसला. शर्टावर चहा, मांडीत पेले.

कुंपणापलीकडं शेळ्या घेऊन उभे असलेले शेजारच्या वस्तीवरचे अप्पाराव, पिकल्या मिशांचे, ओरडले, "आरं, उलार झाली की! येवढं बी कळंना व्हय?"

आणि सगळं आवार हसलं. मी पण हसले, पदर तोंडाला न लावता.

"काका! खाली घ्या! दांडी खाली घ्या!"

भाऊजी गेले आणि दांडीला एक हात लावला. ओढली नाही, नुसती धरून ठेवली.

"हलू नका सर. हलाल तर अजून घसराल. एक विचारायचं व्हतं. दिवाळीत मी पिलो व्हतो का?"

"हे काय आत्ता?"

"पिलो व्हतो का?"

 कुणीतरी विचारलं, "काय झालं होतं?" भाऊजींनी तीन वाक्यांत सांगितलं. सायकली मागं बांधायला कोणी लावल्या, शेपूट कुठं हललं, फुंक कोणापुढं मारायला लावली. आवाज चढवला नाही. हात दांडीवर तसाच.

"नव्हते," आतून आलं.

"बद्रीनाथला ऐकू गेलं नाय."

"नव्हते पिलेले! माझी चूक होती! सायकली मीच मागं लावायला सांगितल्या होत्या!"

"अन् वास?"

"दारूचा वास नव्हता. मी... लोकांसमोर बोललो तसं."

बद्रीनाथ गाडीला टेकून उभा होता. त्यानं मान खाली घातली. भाऊजी त्याच्याकडं पुरतं एक मिनिट बघत राहिले. माझ्या मते प्रणयला लोकांचं हसणं लागलं त्यापेक्षा ते बघणं बद्रीनाथला जास्त लागलं असेल, आणि लागायलाच हवं होतं. मग त्यांनी दुसरा हात दांडीला लावला, घर जमिनीवर आणलं, गाड्या पुसायचं फडकं बोनेटवर ठेवलं आणि माझी पिशवी उचलली. "चला वहिनी."

आठ दिवसांनी प्रणय हर्सूलला आला. हातात पेढ्यांचा पुडा. मी केसरबाईकडंच होते. तिनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका, झालं ते झालं. शनिवारी मोठं बुकिंग आहे. दोन घरं, नऊ सायकली. पोरांना पुढं बांधता येत नाहीत, वळणावर मोटारीला लागतात. तुम्ही परत या. किल्ली तुमच्याकडंच राहील."

 मी सवयीनं चहा ठेवला होता. आमच्या घरातून आजवर कुणी बिनचहाचा गेलेला नाही. वीज तोडायला आलेल्या माणसालाही केसरबाईनं बशीभर पाजला होता. चहाला उकळी आली, आल्याचा वास बाहेर गेला. प्रणय जरा सैलावून बसला.

"वहिनी," भाऊजी बाहेरून म्हणाले, "सरांना उशीर व्हतोय."

केसरबाईनं माझ्याकडं बघितलं. मी देवाचं नाव घेतलं आणि गॅस बंद केला.

प्रणय थोडा वेळ बसला. आत भांड्याचा आवाज नाही, कपाचा नाही. मग उठला. पेढे खुर्चीवर ठेवायला लागला तर भाऊजींनी पुडा उचलून परत त्याच्या हातात दिला आणि फाटकापर्यंत सोडायलाही गेले नाहीत.

तो गल्लीच्या टोकाला गेल्यावर मी चहा पुन्हा गरम केला. आम्ही तिघांनी बशीत ओतून पिला. चांगला झाला होता.