ताण्याआधीची प्रार्थना

लढाईच्या वर्षांत सूत मिळेना, तेव्हा वडगावातला आमचा माग आठवडेच्या आठवडे गप्प असायचा. माग जमिनीतल्या खड्ड्यात, आणि आम्ही तिघं त्या खड्ड्याच्या कडेनं झोपायचो. माझ्या वडिलांना, आप्पांना, दम्यानं धरलं होतं. आई लोकांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची. सकाळी आंबील, संध्याकाळी तीच पाणी घालून. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. आमच्यात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं, आणि मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, ती याच घरातून.

आमच्या ख्रिस्ती घराचा एक नेम होता. उठल्यावर आधी गीत, मग शास्त्रवाचन, मग प्रार्थना. मागावरच्या धोट्याला हात त्यानंतरच. प्रार्थनेत आप्पांचं भान हरपायचं. माझं कसलं हरपतंय! डोळे मिटले की बाहेरच्या मागांची खटखट जास्तच ऐकू यायची. आप्पा गल्लीतल्या एकेकाचं नाव घेऊन त्याचं दुखणं देवाला सांगत, आणि मी अंगठ्यानं जमीन उकरत मनात म्हणायची, देवाला सगळ्यांची घरं ठाऊक आहेत, आटपा आता.

परीक्षेला महिना राहिला आणि एकदाचं सूत मिळालं. आप्पा म्हणाले, "पोरी, हा ताणा तोवर विणून मागावरनं उतरला तर परीक्षेला जा. न्हाय उतरला तर तुलाच मागावर बसायला लागंल. माझा आता दम पुरत न्हाय."

त्यानंतर माझा पाय एका जागी ठरेना. ताण्याला खळ लावायची ती भल्या सकाळी, गल्लीत. उभ्या दोऱ्यांचा लांब पट्टा बांबूंवर ताणायचा, खळ लावायची आणि ती वाळायच्या आत दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवायचे. चार-सहा माणसं लागतात. शेजारी एकमेकांना हात देतात. खळ लावायच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना सांगून आले होते.

त्या सकाळी आप्पांचा नुकताच डोळा लागला होता. मी आईला म्हटलं, "प्रार्थना आज संध्याकाळी करू. ऊन चढायच्या आत ताणा उरकू." आई "असं नको गं" म्हणेपर्यंत मी खळीचं पातेलं उचललंही होतं.

बांबू मांडले, खळ लावली. कुणी येईना. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी. वारा सुटला आणि दोरे एकमेकांना चिकटून ताठ झाले. कुंचा ओढला की तटातट तुटायचे. तेवढ्यात समोरच्या घरातली आक्का दुखरा गुडघा सांभाळत कुंचा घेऊन आली.

"अगं बया! कवा सुरू केलंसा?"

"तुम्ही का आला न्हाईसा?" मी ओरडलेच.

"तुमचं गाणं कुठं ऐकू आलं? आप्पांनी आमेन म्हटलं की आम्ही निघतो. म्हटलं, अजून उठला नसशीला. आज तुमच्या देवानं सुट्टी घेतली काय गं? मागाला हात जोडल्याबिगर आम्ही बी बसत न्हाय."

आप्पा भिंतीला धरत बाहेर आले. ताण्यावरनं हात फिरवला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"गल्लीला ऐकू जावं म्हणून आपण प्रार्थना करत न्हाय," ते म्हणाले. "पण एवढं सगळं तू एकटीच्या जिवावर करणार हुतीस व्हय?"

दुसऱ्या दिवशी गीत मीच सुरू केलं. मन ताण्यावरच होतं, म्हणून मी ताण्याचंच मागितलं. आक्काच्या गुडघ्याचंही मागितलं. आमेन झालं आणि आक्का जावेला घेऊन दारात हजर. ताणा ओला करून दोरे सोडवायचे, तुटलेल्याला गाठ मारायची. रोज प्रार्थनेनंतर त्या येत. माझी बोटं सोलली. मग विणायला बसलो, आई आणि मी आळीपाळीनं; आईची पाळी असली की माझ्या मांडीवर पुस्तक.

परीक्षेच्या दोन दिवस आधी ताणा उतरला. मी परीक्षेला बसले आणि पास झाले. आमच्या गल्लीतली पहिली बी.ए. मी. डोळे मिटल्यावर बाहेरची खटखट मला अजून ऐकू येते, पण त्या दिवसानंतर प्रार्थना मी कधी संध्याकाळवर टाकली नाही.