जपलेले पाय

दोन हजार सतरा साल, माझं वय एकाहत्तर. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाची फायनल चालू होती आणि आमचा सगळ्यात तेज गडी सुहास पांढरेशुभ्र बूट घालून बाकावर बसला होता. दोन दिवसांनी त्याची मोठ्या क्लबात निवड चाचणी होती. "मामा, पाय जपायला पायजेत," म्हणाला.

एकदा चेंडू रेषेबाहेर त्याच्याकडंच घरंगळत आला. सांडपाणी अंगावर यावं तसे त्यानं पटकन पाय बाकाखाली ओढून घेतले.

मी चौथीत शाळा सोडली. मला लिहिण्यातलं कळत नाही, पायातलं कळतं. त्या पायांना सात वर्षं रोज सकाळी मी तेल चोळलं. पाय कुणाचे? ज्याच्या अंगाला आहेत त्याचे, का ज्यांनी घडवले त्यांचे? आम्ही एका गोलानं हरलो, तेव्हाही ते बाकाखालीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला आणि नेहमीसारखा पाय पसरून बसला. "मामा, आज जरा जोरात."

मी बाटली उचलली. त्याच्या डोळ्यांदेखत सगळं तेल तालमीतल्या कुस्तीच्या हौदात, तांबड्या मातीवर ओतलं, आणि माझ्या म्हाताऱ्या पायांनी ते मातीत कालवत राहिलो.