शेवटच्या नळाखालची कळशी

हिवरेकर साहेबांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. भांडण मी काढलं होतं आणि त्याचा मला आजही खेद नाही. साहेबांच्या षष्ट्यब्दीच्या या ग्रंथासाठी समितीने लेख मागितला तेव्हा मी सांगून टाकलं, की मी त्यांच्या चुकीपासून सुरुवात करीन. मंडळी घुटमळली. त्यांनी साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले म्हणे, "बाई दुसरीकडून सुरुवात करतील असं वाटलंच कसं तुम्हाला?"

मी चुडाव्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका होते. वडील पूर्णा जंक्शनवर रेल्वेत होते. त्यांनी मला सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं आणि तिथल्या सिस्टरांनी वेळ पाळण्याची अशी सवय लावली, की घंटेनंतर फाटकातून शिरणारं मूल मला सहन होत नसे. सातवीतली रेणुका रोज घंटेनंतर यायची, खांदा ओला आणि डोळ्यांत झोप. ती गावाच्या वरच्या माळावर, शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांच्या वस्तीत राहायची. तिची आई गयाबाई पहाटेच शेळ्या घेऊन निघत, म्हणून खालच्या विहिरीचं पाणी वर नेणं मुलीकडे होतं. आणखी एक वर्ष असंच गेलं असतं तर तिची शाळा सुटली असती. हे मलाही कळत होतं आणि गयाबाईंनाही.

त्या सुमारास शासनाच्या खर्चाने गावात नळयोजना झाली. नदीकाठी विहीर, वर टाकी, गल्लोगल्ली पाइप. काम पाहायला उपअभियंता म्हणून हिवरेकर साहेब होते. योजना पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर त्यांची सही झाली, की ठेकेदार मोकळा आणि पुढचं दुखणं गावाचं.

साहेबांची एक पद्धत साऱ्या तालुक्याला माहीत होती. त्यांच्या जीपमध्ये एक पितळी कळशी असे. ते पंचायतीसमोरच्या हार घातलेल्या नळाकडे बघतही नसत. थेट सगळ्यांत शेवटच्या, सगळ्यांत उंचावरच्या नळाकडे जात, कळशी खाली ठेवत आणि घड्याळ लावून ती भरायला लागणारा वेळ मोजत. कागदावर काहीही लिहिलेलं असो, कळशी वेळेत भरली तरच सही.

पद्धत उत्तम होती. तिच्यात खोट एवढीच, की ती ठेकेदारालाही पाठ झाली होती. साहेब आले त्या दिवशी त्याच्या माणसांनी खालच्या सगळ्या गल्ल्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवले. माळावरच्या नळाला धो-धो पाणी आलं, कळशी भरली, सही झाली, पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी त्याच नळातून नुसती हवा येत होती आणि रेणुका पुन्हा घंटेनंतर फाटकात उभी होती.

मी त्याच दिवशी साहेबांना पत्र लिहिलं. आपली कळशी भरली, आता आमच्या मुलीची शाळाही आपणच भरवा, असं त्यात होतं. बाकीचं इथे छापण्याजोगं नाही. अशा पत्रांना काय उत्तर येतं हे मला सरकारी नोकरीत राहून चांगलं माहीत होतं. पण तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः शाळेच्या व्हरांड्यात उभे. मी बसा म्हटलं नाही. आम्ही तसेच माळावर गेलो.

गयाबाईंनी त्यांना नळ सोडून दाखवला. "त्या दिवशी खाली एकाच्याबी नळाला पानी न्हवतं, सायेब. समद्या गावाचं पानी तुमी आमाला पाजलं. लय गोड लागलं. तुमची कळशी लाडाची हाय, आमची घागर सवतीची."

साहेबांनी स्वतः तोटी बंद केली. मग मला म्हणाले, "सही माझी आहे, बाई. म्हणजे चूकही माझी."

सरकारी माणसाच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. त्यांनी भर ग्रामसभेत ते पुन्हा उच्चारलं आणि वरिष्ठांना लिहून दिलं, की माझा दाखला चुकीचा आहे, तो रद्द करावा. खुलासे त्यांना द्यावे लागले, ठेकेदाराला नाही. बढतीही लांबली. पण चर उकरला गेला आणि चढावर ठरल्यापेक्षा बारीक पाइप निघाला. तो साहेबांनी उभं राहून बदलून घेतला.

दुसऱ्या तपासणीला त्यांनी गावातल्या सगळ्या बायकांना आपापल्या तोट्या सोडून भांडी भरायला सांगितलं आणि मग माळावर कळशी ठेवली. आधी फुसफुस, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ धार. कळशी वेळेत भरली. साहेबांनी कागद काढला आणि विचारलं, "गयाबाई, करू का सही?"

"थांबा की. तुमी गेल्यावर यायलंय का ते बघते. मंग करा."

सोबतची मंडळी हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि निघून गेले. आठ दिवसांनी गयाबाई शाळेत आल्या आणि म्हणाल्या, सायबाला फोन लावा, पानी हाय. मी फोन लावला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत साहेबांनी ही नवी रीत मोडली नाही: न सांगता जायचं, सगळे नळ सुरू ठेवायचे आणि सही आठ दिवसांनी, तिथल्या बाईला विचारून.

त्यांचा स्वभावच तसा. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ते वहिनींना घेऊन भेटायला आले. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो आहे हे ऐकू आलं, तसे उठले आणि वायसर बदलूनच चहाला बसले. जाताना पुन्हा एकदा नळ पाहून गेले.

कळशी दुसऱ्यांदा भरली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी घंटेच्या आधी मी नेहमीसारखी फाटकात उभी राहिले. रागवायला कोणी नव्हतं. रेणुका आधीच प्रार्थनेच्या रांगेत होती, खांदा कोरडा. आज ती परभणीला नर्सिंग शिकते आहे.

या लेखासाठी मी मुद्दाम माळावर गेले आणि साहेबांना काय निरोप देऊ, असं गयाबाईंना विचारलं. त्या शेळीला पाणी पाजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नळ चालू हाय म्हनावं."

साहेब, आपल्याला उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. आणि अधूनमधून, न सांगता, माळावर येत जा.