सतरावा ठोकळा

त्यांना अख्खं तंत्रविद्यालय कानसमास्तर म्हणायचं. खरं नाव होतं ते फक्त पगारपत्रकावर. फिटरच्या वर्गात आलेल्या प्रत्येकाच्या हातात ते पहिल्याच दिवशी लोखंडाचा ओबडधोबड तुकडा आणि एक कानस ठेवत. "घास. ठोकळा काटकोनात आला की हाक मार." तीन आठवडे खांदे भरून यायचे, तळहातांना फोड यायचे. मग मास्तर ठोकळ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीसमोर धरायचे. फटीतून उजेडाची रेघ दिसली की ठोकळा परत. "अजून सूर्य डोकावतोय रे राजा, घास!" रेघ नाही दिसली तर त्यावर हजेरीचा नंबर ठोकायचा आणि ठोकळा कायमचा कपाटात.

एके काळी सोळा जागांसाठी फाटकाबाहेर रांग लागायची. सोळा कानशी एका लयीत चालल्या की शेजारचे ड्रॉइंगचे सर कानांवर हात ठेवून दारात यायचे.

"अहो, जरा हळू घासा!"

"ते लोखंडाला सांगा," मास्तर म्हणायचे.

आता ते सर नव्हते आणि घासायला तरी कोण होतं? यंदा अर्ज आले सात. आज पाच वाजेपर्यंत आठवा आला नाही तर वर्ग बंद, असं प्राचार्यांनी लेखी दिलं होतं. रस्त्यापलीकडच्या कॉलेजात मात्र पाय ठेवायला जागा नव्हती.

प्रवेशाच्या खिडकीवर मास्तरांचीच मुलगी बसायची. पदवीधर, चष्मेवाली, जिभेला धार. चार वाजता तिने हाक मारली, "बाबा, या लवकर. गिऱ्हाईक आलंय!"

खिडकीशी एक मुलगी अर्ज छातीशी धरून उभी होती. शेजारी तिची आई. शिवणकाम करणारी बाई, गळ्यातली मोजपट्टीसुद्धा न काढता धावत आलेली.

"नव्वद टक्के पडलेत हिला, मास्तर. नव्वद! आणि बाईसाहेबांना लोखंड घासायचंय."

"आई, मला हातानं काहीतरी बनवायचंय."

"मग घरी काजं कर की! ढीग पडलाय."

मास्तरांनी घसा खाकरला. पुढचं भाषण त्यांना तोंडपाठ होतं. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "तुमची मुलं काय शिकली हो?"

खिडकीआडचा शिक्क्याचा आवाज थांबला.

'पोरगी इथेच असते' म्हणता आलं असतं. खोटंही नव्हतं, आणि वर्ग वाचला असता. पण मास्तरांना तेव्हाची, सोळा वर्षांची आपली पोर दिसली. शाळा सुटली की वर्गात येऊन बसणारी, नाकाला काळं लावून घरी जाणारी. तिने असाच अर्ज पुढे केला होता.

"एकच मुलगी आहे. ही खिडकीत बसलीय ती," ते म्हणाले. "हिला माझ्याच वर्गात यायचं होतं. मी सही केली नाही. कॉलेजात धाडलं."

"का?"

"लोकांच्या पोरांचे हात काळे झालेले चालायचे मला. हिचे नव्हते चालत."

"मग मला कोणत्या तोंडानं सांगताय?"

"ह्याच. दुसरं नाही माझ्याकडे."

मास्तर मायलेकींना वर्गात घेऊन गेले. कपाटाच्या तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक ठोकळा होता, बिननंबराचा. त्यांनी त्याला गुण्या लावला आणि खिडकीसमोर धरला; उजेडाची रेघ कुठेच नव्हती. बाईंनी ठोकळा आपल्या हातात घेतला, चारी बाजूंनी फिरवला, गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी कपडा तपासावा तसा.

"हिनं केलाय?"

"अर्ज केला त्या सुट्टीत. वर्गातल्या सोळाही जणांपेक्षा सरस."

"टीप सरळ आहे हो," बाई हळूच म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. "आण तो कागद. आणि मास्तर, हिचं बोट कापलं तर तुमच्याच दारात आणून बसवीन!"

पाचला दहा कमी असताना आठव्या अर्जावर शिक्का बसला. खिडकी बंद करून मास्तरांची मुलगी वर्गात आली. टेबलावरचा ठोकळा पाहून जागीच थबकली.

"हा तर भंगारात टाकला म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"मग नंबर का नाही घातला?"

"सही नव्हती ना." मास्तरांनी नंबर ठोकायच्या पंचांची पेटी उघडली. "त्या वर्षी सोळा होते. तुझा सतरावा."

तिने त्यांच्या हातातून हातोडी घेतली. "सात मी ठोकते. एक तुम्ही ठोका."

हातोडी परत घेऊन आधी मास्तरांनी ठोकला. त्यांचा एक जरा तिरका उठला. तिचा सात मात्र ताठ.

"बाबा, तुमचा सूर्य डोकावतोय."

"दिसतंय मला," कानसमास्तर म्हणाले. वाकडं काम त्यांनी आयुष्यात कधी त्या कपाटात जाऊ दिलं नव्हतं. हा ठोकळा त्यांनी सोळाव्याच्या शेजारी ठेवला आणि दार लावून घेतलं.