स्वतःची भेट न मोजणारा माणूस

फोनवर धर्माकाकांचं नाव दिसलं म्हणून उचलता उचलताच मी म्हणाले, "काका, या आठवड्यात माणसं वाढलीत." सोमवार होता, आणि सोमवारी ते आमच्या वेबसाइटचे आकडे विचारायचेच. पलीकडे काकू होत्या. "बाय, ते गेले," एवढंच म्हणाल्या... त्याला आता सहा आठवडे झाले.

काकांनी उभी हयात करंजा बंदरावर मासळीचा लिलाव पुकारला. गुडघे गेल्यावर ते काकूंसह पनवेलला लेकीकडे आले, आणि एक दिवस एसटी स्टँडमागच्या आमच्या खोलीत येऊन बसले. आम्ही चौघं तेव्हा करंज्याच्या सुकवणीच्या जागेसाठी लढत होतो. बायका पिढ्यान्‌पिढ्या जिथे मासळी वाळवतात, ती जमीन सरकारी विकास आराखड्यात 'मोकळी जागा' म्हणून दाखवली होती. मोकळी म्हणे. हरकतींना महिन्याची मुदत होती; तेवढ्यात लोकांचे अर्ज गेले नाहीत तर जागा गेली. म्हणून आम्ही वेबसाइट काढली, तिच्यावर हरकतीचा अर्ज टाकला, आणि भेटींचा आकडा फुगलेला बघून मी पत्रक छापून मोकळी झाले : 'हजारोंचा पाठिंबा'.

काकांनी पत्रक वाचलं, मग स्क्रीनवरचा तक्ता बराच वेळ बघितला. "ही माणसं येतात कुठून?" पनवेलहून. "आणि थांबतात किती?" पहिलं पान उघडलं की संपलं. मग त्यांनी खोलीतल्या एका कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "हा चालू केला का काय उघडतं?" आमचीच वेबसाइट उघडायची. सगळ्या मशिनींवर, फोनवर आम्हीच तशी सोय केली होती, अभिमानाने. दर वेळी एक भेट वाढत होती. "लिलावात घरच्यांनीच बोली लावली तर भाव चढतो, बाय. मासळी उठत नाय."

आमची यंत्रं मोजणीतून वगळली आणि हजारांचे मूठभर उरले. मी भडकले. पत्रकं छापून झाली आहेत, म्हटलं. "मग दुसरी छाप. खोटं कशाला वाटतेस?" दुसऱ्यांचा खोटेपणा उघडा पाडायचा ही माझी सवय, माझा कुणी असा चारचौघांत उघडा पाडला नव्हता. गठ्ठा रद्दीत गेला.

उरलेल्या मूठभरांकडे मात्र काका लिलावातल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसे बघत. करंज्याहून मोबाइलवर लोक येत होते, थेट अर्जाच्या पानावर जात होते आणि तिथूनच परत फिरत होते. आम्ही म्हटलं, लोकांना पडलेलीच नाही. काका चिडले. "दाराशी आलेला माणूस मागं फिरतो तवा दार बघायचं, माणसाला बोल लावायचा नाय." दुखऱ्या गुडघ्यांनी ते करंज्याला गेले आणि मासळी पसरणाऱ्या भाचीच्या हातात फोन देऊन नुसते बघत बसले. तिने अर्ज उघडला. पहिलाच प्रश्न होता : सर्व्हे क्रमांक. तिने फोन परत दिला. "मामा, ह्ये आमचं काम नाय."

तो प्रश्न माझा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तो काढला आणि पहिला प्रश्न काकांच्या शब्दांत घातला : 'तुमी मासळी कुठं सुकवता?' क्रमांक आम्ही भरू लागलो. मग 'अर्ज पोचला' हे शेवटचं पान उघडू लागलं. काका तेवढंच मोजायचे. सुनावणीला बायका इतक्या आल्या की रांग दालनाबाहेर जिन्यापर्यंत गेली. नव्या आराखड्यात 'मोकळी जागा' खोडून 'मासळी सुकवण्याची जागा' असं लिहिलं गेलं. शहरातल्या बैठकांत काकांना 'तुमचे ते कोळी आजोबा' म्हणणाऱ्यांना मी आता सांगते, आमच्यात आकडे वाचता येणारा तो एकच माणूस होता.

त्यांचा फोन काकूंकडे असतो. रोज सकाळी चहा ठेवला की त्या वेबसाइट उघडून पहिल्या पानावरचा सुकवणीचा फोटो बघतात, काका उघडायचे म्हणून. परवा मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "माझं मोजतेस ना गं?"

त्या फोनची भेट मोजायची नाही, हे काकांनीच पहिल्या दिवशी माझ्याकडून करून घेतलं होतं. एक बटण दाबलं असतं तर मोजली गेली असती. "नाही मोजत, काकू," मी म्हटलं. "घरची माणसं मोजायची नाहीत."

"मग बरोबर हाय," त्या म्हणाल्या, आणि दोन बोटांनी फोटो मोठा करून बघत राहिल्या.