आक्काचं रडणं

"बोटं चालू ऱ्हाऊ द्या दाजी, माझ्या तोंडाकडं काय बघायलाव?"

त्या दुपारी आक्का मला दोनदा असं म्हणाली. तिच्या ओट्यावर आम्ही बियाण्याच्या शेंगा फोडत बसलो होतो. ती अंगठ्यानं शेंग दाबायची, टचकन आवाज यायचा आणि दाणे सुपात पडायचे. माझ्या हातून अर्धे दाणे फुटत होते.

"पेरायचेत ह्ये. चटणी न्हाई करायची," ती म्हणाली.

माझं लक्ष शेंगांवर नव्हतंच. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती. त्यात माझ्या बायकोचं नाव येतं का, ते मी ऐकत होतो. आलं नाही. उन्हं उतरली तसा मी धोतर झटकून घरी गेलो.

आक्का माझी कुणी नव्हे, शेजारीण. पण ती आणि माझी बायको केजकडच्या एकाच गावच्या लेकी. एकाच गल्लीत दिलेल्या, म्हणून मी तिचा दाजी. दाजीला टोमणे मारायचा हक्क तिनं कधी सोडला नाही.

तिची ओळख म्हणजे रडणं. हसू नका. मयतीला हेल काढून रडणाऱ्या बाया तुम्हीही पाहिल्यात. गेलेल्याचं एकेक आठवून सुरात रडतात. बाकीच्या बाया सगळ्यांना एकच लावतात, सोन्यासारखा होता, देवमाणूस होता. आक्का ज्याचं त्याचं नवं रचायची. दिवाळी झाली की आमची अर्धी गल्ली ऊस तोडायला जाते, मागं म्हातारीकोतारी उरतात. तेव्हा कुणी गेलं तर ती एकटी साऱ्या घराला पुरायची.

तिची रीत ठरलेली. आधी तांब्याभर पाणी प्यायची. भिंतीला पाठ लावायची. पदर नाकापर्यंत ओढायची आणि मग सूर काढायची. आम्ही गडी माणसं बाहेर तंबाखू मळत म्हणायचो, "झाली बे मोटार चालू!" सगळ्यात मोठ्यानं मीच म्हणायचो.

माझी बायको गेली तेव्हाही ती आली. पाणी प्यायली, बसली. पोराच्या सासुरवाडीची मंडळी पुण्याहून आलेली, खुर्च्यांवर बसलेली. आक्कानं सूर लावला, "एका गाडीत आलो दोघी, गं बाई, तुझा हात माझ्या..."

मला लाज वाटली. म्हणजे तेव्हा तिची वाटली. मी आत जाऊन म्हणालो, "आक्का, बास. पाव्हणे बसलेत. तमाशा न्हाई ह्यो."

ती तिथंच थांबली. पदरानं तोंड पुसलं आणि बायकोच्या पायावरची चादर नीट करून उठली. आमची चूल बंद होती. सांजच्याला भाकरी तिच्याच घरून आल्या. मी त्या खाल्ल्या.

पुढं गल्लीतला एक खडूस म्हातारा वारला. बायको गेल्यापासून मला गड्यांच्या घोळक्यात करमत नव्हतं, म्हणून मी खिडकीखाली सावलीला बसलो. आत आक्का रडत होती, "तुझ्या खोकल्यानं उठायची गल्ली, रं मामा, आता कोंबड्याला कोण उठवायचं." सुना पदराआड हसल्या आणि हसता हसता हंबरडा फोडून रडल्या. त्या म्हाताऱ्याशी माझं सात जन्माचं वाकडं. माझ्याही डोळ्याला पाणी आलं. इतकी वर्षं मी हिचा नुसता आवाज ऐकला, बोल कधी ऐकलेच नाहीत.

मग मला नादच लागला. गिरणीत दळण घेऊन गेलो की बायांना विचारायचो, "तुमच्या सासूच्या मयतीला आक्का काय म्हणाली होती बे?" त्यांना 'बे' म्हटलेलं आवडायचं नाही, पण सांगायच्या. एकीला सासूचं पाठ, एकीला नणंदेचं. एका बाईचं लेकरू चालायच्या आधीच गेलं होतं. ती गिरणीच्या चाकाकडं बघत म्हणाली, "तुझी पावलं मोजायची ऱ्हायली, बाळा, अंगण कोरं ऱ्हायलं." आणि पिठाचा डबा उचलून निघून गेली.

घरोघरी एकेक गाणं होतं. फक्त माझ्या घरात नव्हतं. ते मीच अर्ध्यात मोडलं होतं.

शेवटी गेलो तिच्याकडं. म्हणालो, "आक्का, आमच्या हिचं ऱ्हायलंय."

"ऱ्हायलं न्हाई दाजी. तुमी थांबवलंत."

"मग आता म्हन की."

"रडणं म्हंजे भाकर हाय का, गार झाली म्हून पुन्हा तव्यावर टाकायला?"

"निदान 'तुझा हात माझ्या', त्याच्या म्होरं काय होतं ते तरी सांग."

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"म्होरं काय ते मला बी ठावं नसतंय. तोंडातून निघंल ते खरं. रडायला बी अक्कल लागती दाजी, पर आधी दुख लागतंय. कवातरी येईल आपसूक. आलं तर हाक मारीन."

त्या दिवसापासून मी तिच्या ओट्यावर बसायला लागलो. लसूण सोल, तूर निवड, काहीही. "बायकोला कधी एक पाकळी सोलून दिली न्हाई, आन् आता बघा!" ती म्हणायची. खरंच होतं. मी खाली मान घालून सोलत राहायचो आणि कान तिच्याकडं ठेवायचो.

शेंगा फोडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिच्या सुनेनं हाक मारली. आक्का झोपेतच गेली होती.

मी गेलो तर घर बायांनी भरलेलं. लेकी मुसमुसत होत्या. कुणीतरी मोबाइलवर भजन लावून कोनाड्यात ठेवलं होतं.

"बंद करा ते," मी म्हणालो. "रडा की नीट. तुमच्या दारात रडली ती."

गिरणीत भेटायच्या त्यातली एक मला म्हणाली, "आप्पा, आमाला तिनं म्हनलेलं येतंय. तिचं कुनाला येतंय?"

कुणालाच येत नव्हतं. मी बायांमधून वाट काढत पुढं गेलो. गडी माणूस तिथं बसत नाही. मी बसलो. उपरणं तोंडावर ओढलं, ते रडण्यासाठी नव्हे, लाजेनं. तोंड उघडलं तर काही सुचेना. तिच्याशी इतका बोललो, पण तिला काय आवडायचं, कशाची भीती वाटायची, काही ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. माझंच मागत बसलो होतो.

जे होतं तेच निघालं. "मला येत न्हाई गं आक्का, मला येत न्हाई."

सूर नव्हता, घसा फाटलेला. पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा मागून कुणीतरी माझ्या ओळीला "गं बाई" जोडलं. मग दुसरीनं जोडलं. तिरडी उचलेपर्यंत मी ती एकच ओळ म्हणत होतो, आणि उपरणं काही तोंडावरून काढलं नाही.