वरची शून्य, खालची एक

माझी बायको जैबुन अन् मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादरीची घडी. तिनं दोन कोपरे धरले, मी दोन. "सरळ धरा ना, वायर ओढून राह्यले का?" म्हणाली. त्याच रात्री तिचा ताप डोक्यात गेला. संपलं.

नंतर काही दिवस घरीच होतो. अहेरीच्या दवाखान्यात पुन्हा ड्युटीवर आलो, त्याच दिवशी सर्व्हर अडला.

मी इथला वायरमन. शाळा चौथीपर्यंत. सर्व्हर म्हणजे सगळ्या पेशंटचे रिपोर्ट ठेवणारा कॉम्प्युटर. त्यात दोन एसएसडी असतात, माहिती साठवायच्या चपट्या डब्या. दोन्हींत तेच लिहिलेलं. एक गेली तर दुसरी सांभाळते. पण मरायला टेकलेली डबी कधी कधी चांगलीलाही अडवून धरते. तसंच झालं होतं.

लॅबच्या दारात भामरागडकडचा लालसू उभा होता. त्याच्या बायकोला सिकलसेल. रक्त चढवायचं होतं. मागं एकदा चढवलेलं रक्त तिला सोसलं नव्हतं. कोणतं चालत नाही, तो रिपोर्ट सर्व्हरमध्ये, अन् फाइल उघडेना. इंटरनेटची लाइन बंद, म्हणून दुसरीकडे नक्कलही गेलेली नाही.

"बंद करून बदला ना," लॅबच्या वनिताबाई म्हणाल्या.

फोनच्या स्पीकरवर नागपूरच्या इंजिनिअर मॅडम होत्या. "बंद नका करू. पुन्हा उठला नाही तर? चालू मशीनमध्येच डबी बदलता येते. खराब आहे ती एक नंबरची."

अंगातली वीज डबीला लागू नये म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला. वरच्या डबीच्या खटक्यावर बोट ठेवलं.

"थांबा खलीलभाऊ! हात कोणत्या डबीवर आहे?"

"एक नंबर. वरची."

"मोजणी शून्यापासून आहे. वरची शून्य, खालची एक."

"काऊन? तुमच्या घरी पहिल्या पोराले शून्य म्हणता का?"

वनिताबाई फिस्सकन हसल्या. मॅडम नाही हसल्या. "वरची ओढली असती तर मरायला टेकलेलीच उरली असती," म्हणाल्या.

मी खटक्यावरून बोट काढलं.

मॅडमनं सांगितलं तसं वनिताबाईंनी स्क्रीनवर ती डबी आधी कामातून काढली, मग तिचा दिवा लुकलुकवला.

"कोणती लुकलुकते? बोलून सांगा."

"खालची."

"पुन्हा."

"खालची, मॅडम!"

खटका उघडला. डबी थोडी ओढली, थांबलो, मग बाहेर काढली. कपाटातली नवी सरकवली. खट् बसली. चांगल्या डबीतलं नवीत उतरू लागलं.

"फाइल उघडली!" वनिताबाई ओरडल्या अन् पहिले रिपोर्टची प्रिंट काढली. तिला चालणारी रक्ताची पिशवी रक्तपेढीत होती.

"भाऊ, भेटलं का?" लालसूनं विचारलं.

"भेटलं. बस आता. पाय दुखले असन."

लॅबबाहेरच्या बाकावर मीच आधी बसलो. जैबुनच्या त्या रात्रीही मी ह्याच बाकावर बसलो होतो. मला उठवलं ते जैबुनला शेवटचं घरी न्यायला. त्याला उठवलं ते, रक्त चढल्यावर, बायकोला चहा पाजायला.

तेव्हापासून मी नंबरावर भरोसा ठेवत नाही. दिवा लुकलुकल्याशिवाय खटक्याला बोट लावत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या सर्व्हरवर डब्यांच्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावली. मार्करनं वर शून्य लिहिलं, खाली एक.

"खलीलभाऊ, शून्य वाकडं आलं," वनिताबाई म्हणाल्या.

"वाचता येते ना? मंग राहू द्या."